काबा ही मूर्ती आहे का? : इस्लाममधील एकेश्वर समजून घेताना

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



संध्याकाळची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की आमच्याकडे देवळाच्या ओट्यावर पाच-दहा मंडळी टेकतात. कुठला ना कुठला विषय निघतोच. गेल्या चातुर्मासात एकांनी विचारले, "काय हो मास्तर, मुसलमान मूर्ती मानत नाहीत म्हणतात, मग काबाकडे तोंड करून नमाज का पढतात? तीही मूर्तीच झाली की!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी गप्प राहिलो. कारण हेच वाक्य तीसेक वर्षांपूर्वी मी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत मोठ्या तोऱ्यात टाकले होते. सगळे हसले होते. समोर आमचे एक मुसलमान सहकारी बसले होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढेच म्हणाले, "मास्तर, तुम्ही प्रश्न विचारलाच नाहीत. उत्तर देऊन मोकळे झालात."

ते बोलणे मला लागले. पुढे त्यांच्याकडून आणि थोडेफार वाचून जे समजले, ते आज मांडतो.

इस्लामचा पाया म्हणजे 'तौहीद'. ईश्वर एक आहे, एवढाच त्याचा अर्थ नाही. तो एकमेव आहे, त्याच्यासारखे दुसरे काही नाही आणि उपासना फक्त त्याचीच, असा पूर्ण अर्थ आहे. कुराणातील ११२ वी सूरा अवघ्या चार आयतींची आहे. तिचे सार असे : ईश्वर एक आहे, त्याला कशाची गरज नाही, त्याला अपत्य नाही आणि तो कुणाचे अपत्य नाही, त्याच्या तोडीचे कुणी नाही. लहान मुलांनाही ही सूरा पाठ असते.

तौहीदच्या उलट तो 'शिर्क'. हिंदी-उर्दूत 'शरीक होना' म्हणजे सामील होणे, वाटेकरी होणे. त्याच मुळातला हा शब्द. ईश्वराच्या अधिकारात दुसरा वाटेकरी मानणे म्हणजे शिर्क. म्हणजे बघा, आक्षेप नुसत्या दगडावर नाही, तो वाटणीवर आहे. मूर्तीची पूजा हा त्या वाटणीचा उघड दिसणारा प्रकार.

हे नीट कळण्यासाठी मक्केत जायला हवे. तिथले लोक अल्लाहला मानत नव्हते असे आपल्याला वाटते. तसे नाही. सृष्टीचा कर्ता अल्लाह आहे हे त्यांनाही मान्य होते. पण त्याच्यापर्यंत पोचायला मध्यस्थ हवेत, म्हणून ते लात, उझ्झा, मनात या देवींना आळवत आणि त्यांना अल्लाहच्या कन्या म्हणत. काबाजवळ ३६० मूर्ती होत्या अशी परंपरा सांगते. पैगंबर मुहंमदांचा विरोध या मध्यस्थीला होता. इसवी सन ६३० मध्ये मक्का त्यांच्या हाती आली, तेव्हा त्यांनी काबा मूर्तींपासून मोकळा केला. चरित्रकार सांगतात की त्या दिवशी बिलाल यांना काबाच्या छपरावर चढून अजान द्यायला सांगितले. हे बिलाल पूर्वी गुलाम होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. ज्याला देव मानतो त्याच्या डोक्यावर कुणी पाय देऊन उभा राहील का? काबा ही उपासनेची दिशा आहे, उपास्य नव्हे. त्याच्या आत मूर्ती नाही. सुरुवातीला तर नमाजाची दिशा जेरुसलेमची होती. इसवी सन ६२४ च्या सुमारास ती बदलून मक्केची झाली. दिशा बदलली, ईश्वर बदलला नाही. प्रवासात दिशा समजलीच नाही, तर अंदाजाने उभे राहून केलेली नमाजही चालते.

मग काळ्या दगडाचे चुंबन? दुसरे खलिफा उमर यांनी त्यावर स्वतःच खुलासा केला होता. त्याचा आशय असा : तू नुसता दगड आहेस, कुणाचे भले-बुरे तुझ्या हाती नाही, पैगंबरांनी चुंबन घेतलेले पाहिले म्हणून मीही घेतो.

खुद्द पैगंबरांनाही हाच नियम लागू आहे. ६३२ मध्ये ते गेले तेव्हा लोकांचा विश्वास बसेना. त्या वेळी अबू बक्र यांनी सर्वांना सांगितले, की मुहंमद आता राहिले नाहीत, ज्याची उपासना करायची तो ईश्वर मात्र कधी मरत नाही. पीर-दर्ग्यांच्या बाबतीत मुसलमानांतही मतभेद आहेत. कुणी श्रद्धेने जातात, कुणाला तिथे मागणे मागणे शिर्कच्या जवळचे वाटते.

इथे काही जण म्हणतील, "म्हणजे शेवटी सगळे एकच." मंडळी, इतकी घाई नको. आपण दत्तजयंती करतो. पाळणा हलवतो. अत्रि-अनसूयेच्या पोटी परमेश्वर आला, यात आपल्याला आनंद आहे. इस्लाम म्हणतो, ईश्वराला जन्मच नाही. तीन शिरे असली तरी दत्त एकच, हे आपले समाधान. तिथे अशी मांडणीही चालत नाही. हा फरक खरा आहे. तो झाकून केलेला सलोखा टिकत नाही.

आमचे ते सहकारी आता निवृत्त आहेत. दत्तजयंतीला घरी येतात, फळे आणतात, पण तीर्थ घेत नाहीत. पूर्वी मला ते खटकायचे. देवाचा अपमान केला असे वाटायचे. आता कळते, की त्यांच्या मनात अपमान नाही, त्यांच्या एका ईश्वराशी प्रामाणिकपणा आहे. आणि दुसरे लोक ज्यांना आळवतात त्यांना शिव्या देऊ नका, असे कुराणातच सांगितले आहे, हेही त्यांनीच मला दाखवले.

ओट्यावर हे सांगितल्यावर एका आजोबांनी विचारले, "मग आपली मूर्तिपूजा चुकली म्हणायची का?" मुळीच नाही. आपण मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतो, आवाहन करतो, गणपतीचे विसर्जनही करतो. दगड-माती हाच देव असता तर ती बुडवली असती का? गाणगापूरला आपण ज्यांच्यापुढे डोके ठेवतो, त्यांना निर्गुण पादुका म्हणतात. सगुणाच्या हाताला धरून निर्गुणाकडे जायचे, ही आपली वाट.

पण या अभ्यासातून एक गोष्ट मी घेतली. इस्लाममध्ये 'लहान शिर्क' असा एक विचार आहे. लोकांनी पाहावे म्हणून केलेली उपासना, हीसुद्धा ईश्वरात वाटेकरी घालणेच. तिथे मूर्ती नसते, पण वाटणी असते. हे वाचले आणि मला माझेच पारायण आठवले. सप्ताहात आवाज चढवून वाचताना समोर किती माणसे बसलीत, हे मी मोजत होतो. त्या वेळी माझा देव दत्त होता की ते श्रोते?

आपल्या संप्रदायाला ही चर्चा नवी नाही. नाथमहाराजांचे गुरू जनार्दनस्वामी दत्तोपासक होते आणि देवगिरीला मुसलमानी राजवटीत चाकरी करत होते. दत्तप्रभूंनी नाथांना मलंगाच्या वेषात दर्शन दिले, अशी कथा आपण ऐकतो. त्याच नाथांनी 'हिंदू-तुर्क संवाद' लिहिला. त्यात दोघेही एकमेकांचे दोष काढतात, कुणी भीड ठेवत नाही, आणि शेवटी वाद मिटतो. आधी पूर्ण बोलणे, पूर्ण ऐकणे, मग मिटणे.

ज्यांनी प्रश्न विचारला होता, ते उठताना म्हणाले, "मास्तर, पुढच्या वेळी तुमचे ते मित्र आले की मला बोलवा. त्यांनाच विचारतो."

उत्तर देऊन मोकळे होण्यापेक्षा हे बरे, नाही का?

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥