स्वानुभव सभेंत कसा सांगावा

स्वतःवर गुदरलेली खरी हकीकत चारचौघांसमोर सांगणें हें पाठ केलेल्या भाषणाहून अवघड होय. या कामीं आनंदीबाई जोशी यांचा कित्ता विद्यार्थ्यांनीं गिरवावा. वैद्यक शिकण्यासाठीं अमेरिकेस निघण्यापूर्वीं, ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं, त्यांनीं बंगालमधील श्रीरामपूर (आपल्या शेजारच्या जिल्ह्यांतील नव्हे) येथील कॉलेजांत इंग्रजींत व्याख्यान दिलें. तेव्हां त्यांचीं अठरा वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. लोक त्यांस जे प्रश्न विचारून भंडावीत, त्यांतील सहा त्यांनींच सभेपुढें मांडले : एकटी कां जातां? परत आल्यावर वाळींत टाकतील, त्याचें काय? 'माझा छळ झाला' अशा मोघम शब्दांवर त्यांनीं श्रोत्यांची बोळवण केली नाहीं. शाळेच्या वाटेवर लोकांनीं खडे मारले, दुकानदार थुंकले, असें स्पष्ट सांगितलें.

मांजरसुंब्याच्या घाटांत रात्रीं मोटार बंद पडली, तर 'फार हाल झाले' म्हणूं नये. कोणत्या वळणावर, किती वाजतां, पाणी कोणीं दिलें, तें सांगावें. श्रोता मनांत काय विचारील, तें आधीं लिहून काढावें. आठवत नाहीं तें रचूं नये. हकीकतींत दुसऱ्याचें गुपित असल्यास त्याची अनुमति घ्यावी. पालकांनीं पहिले श्रोते व्हावें. मात्र मध्येंच चुका काढूं नयेत.