पूर्वजांचे पाप आणि वंशजांचे ऋण

कुलक्षयाचा दोष कर्त्यापाशी न थांबता साऱ्या कुळास ग्रासतो, अशी भीती अर्जुनाने गीतेच्या पहिल्या अध्यायात व्यक्त केली आहे. उलट पाचव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात भगवान सांगतात की, परमेश्वर कोणाचे पाप घेत नाही आणि पुण्यही घेत नाही. मग आजोबांच्या अपराधाचे फळ नातवाने का भोगावे?

या शंकेचे उत्तर पाप व ऋण यांच्या भेदात आहे. मद्य, द्यूत व कामवासना यांपायी पित्याने केलेले कर्ज, किंवा त्याचा राहिलेला दंड, पुत्राने फेडावयाचा नाही, असे याज्ञवल्क्यस्मृति सांगते. दुराचार ज्याचा त्याचाच. परंतु मृताचे धन जो घेईल त्याने त्याचे ऋणही फेडावे, हीदेखील त्याच स्मृतीची आज्ञा आहे.

दतिया गेट ज्या तटात आहे, त्या झाशी शहराचे राजे गंगाधरराव नेवाळकर २१ नोव्हेंबर १८५३ रोजी निवर्तले. दत्तकपुत्र दामोदरराव तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. कंपनी सरकारने १८५४ साली दत्तक अमान्य करून संस्थान खालसा केले, राणी लक्ष्मीबाईंस दरमहा पाच हजार रुपयांची नेमणूक ठरविली, आणि पतीचे देणे त्यातूनच फेडण्यास सांगितले. राज्य एकाने घ्यावे व ऋण दुसऱ्याने फेडावे, हा न्याय स्मृतीच्या अगदी उलट होता. १८५८ नंतर त्या अजाण मुलास वडिलांची खासगी मालमत्ताही मिळाली नाही. इंदुरास अल्प नेमणुकीवर दिवस कंठून तो १९०६ साली वारला. हे दुःख त्याच्या पितरांच्या पापाचे नव्हे, इतरांच्या अन्यायाचे होते. म्हणून कोणाच्या घरी विपत्ती दिसताच तिच्यामागे पूर्वजांचे पातक शोधू नये.

मात्र गृहस्थाने स्वतःच्या घराकडे पाहावे. ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या पितृऋणासाठी केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलानातवांकडून वसुली करण्याची मुभा कायद्याने ठेवलेली नाही. तथापि आजोबांनी गहाणात गिळलेले शेत किंवा एखाद्या विधवेचे बुडविलेले दागिने आज आपल्या घरात असतील, तर पाप त्यांचे असले तरी भोग आपला आहे. जाणूनबुजून तो चालू ठेवला, तर त्या दिवसापासून पापही आपलेच होते. म्हणून श्राद्धतिथीस पिंडदानाबरोबर एवढा हिशेबही पाहावा, आणि ज्याचे त्यास परत करावे.