रोपवाटिकेतील कारंजे : वीजजोडणी सुरक्षित कशी करावी?



रोपवाटिकेच्या दारात, मळ्यातील घरासमोर किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या आवारात लहानसे कारंजे असले की येणारे गिऱ्हाईक घटकाभर थांबते. दोन कमळे, चार गप्पी मासे आणि मध्यभागी उडणारे पाणी एवढ्यानेही जागेला शोभा येते. अशा कारंज्याचा पंप १८ ते ४० वॅटचा, म्हणजे घरातल्या एखाद्या दिव्याएवढी वीज घेणारा असतो. विहिरीवरच्या ५ अश्वशक्तीच्या मोटारीला आपण जपून हात लावतो, पण या पंपाकडे मात्र खेळण्यासारखे पाहिले जाते. वास्तविक धोका पंपाच्या वॅटवर अवलंबून नसतो. पंप २३० व्होल्टवर चालत असेल आणि त्याचे आवरण तडकले असेल, तर पाण्यात हात घालणाऱ्याला तो मोठ्या मोटारीइतकाच घातक आहे.

शरीरातून साधारण १० मिलिअँपिअर प्रवाह गेला तर स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या पुढे श्वास व हृदय या दोन्हींना धोका निर्माण होतो. कोरडी कातडी विजेला बऱ्यापैकी अडवते. ती ओली झाली की हा अडथळा फार कमी होतो. त्यात माणूस अनवाणी ओल्या जमिनीवर उभा असेल तर विजेला सरळ वाट मिळते. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात क्षार असतातच. रोपांना दिलेले विद्राव्य खत हौदात उतरत असेल, तर असे पाणी वीज अधिकच वाहून नेते.

फ्यूज कोणाला वाचवतो?

बहुतेक बागायतदारांचा समज असा, की बोर्डावर फ्यूज किंवा एमसीबी आहे म्हणजे काळजी नाही. हा समज फार महागात पडतो. एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही. ६ अँपिअरची एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणसाचा जीव धोक्यात येतो तो याच्या दोनशेव्या हिश्श्यावर.

अर्थिंग केलेले असले तरी हिशेब करून पाहावा. आपल्याकडे मुरमाड व खडकाळ जमिनीत, विशेषतः मे महिन्यात, अर्थिंगचा रोध २० ओहम निघणे नवलाचे नाही. पंपाच्या धातूच्या भागात फेज उतरली तर जमिनीत जाणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर होईल. बोर्डावर १६ अँपिअरची एमसीबी असेल तर ती जागची हलणारही नाही. पंप, नळी आणि हौदातले पाणी विजेखाली तसेच राहील आणि मीटर फिरत राहील.

म्हणून अर्थिंगच्या जोडीला आरसीसीबी हवीच. जुने वायरमन तिला अजूनही ईएलसीबी म्हणतात. हे उपकरण फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहते. गेला तेवढा परत आला नाही, म्हणजे कुठेतरी गळती आहे, असे ओळखून ते पुरवठा तोडते. कारंज्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी घ्यावी. एवढ्या गळतीला ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आणि मोठ्या गळतीला त्याहून लवकर तुटते. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरच्या आरसीसीबी बाजारात मिळतात, पण माणसाच्या संरक्षणासाठी त्या उपयोगाच्या नाहीत. जास्त भार आला तर आरसीसीबी तुटत नाही, म्हणून तिच्यासोबत एमसीबी ठेवावीच. कारंज्याची आरसीसीबी स्वतंत्र असावी, म्हणजे गळती झाली तरी घरात अंधार होणार नाही.

आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. दाबताच ती तुटली पाहिजे. या बटणाने फक्त उपकरणाची परीक्षा होते, अर्थिंगची होत नाही. त्यासाठी वायरमनकडून अर्थ टेस्टरने वेगळी मोजणी करून घ्यावी लागते. तसेच एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल अशा दोन्ही तारा धरणाऱ्याला आरसीसीबी वाचवू शकत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

फायबरच्या किंवा प्लॅस्टिकच्या हौदात आणखी एक गोम असते. तेथे गळतीला जमिनीकडे जायला वाटच नसते. पाण्यात वीज असूनही आरसीसीबी गप्प राहते आणि कोणाचा तरी हात पाण्यात गेल्यावर, त्याच्या अंगातून प्रवाह वाहू लागला की मग तुटते. म्हणून पाण्याला लागून असलेली धातूची नळी, जाळी किंवा चबुतरा हिरव्या तारेने अर्थिंगला पक्का जोडावा. असे केले म्हणजे गळती सुरू होताच पुरवठा बंद होतो.

जमिनीचा न्यूट्रल

काही मळ्यांत एक घातक रीत दिसते. न्यूट्रल तार न घेता फेजची एक तार ओढायची, जमिनीत सळई ठोकायची आणि त्या दोहोंवर दिवा किंवा छोटा पंप चालवायचा. दिवा लागतो, त्यामुळे सारे ठीक आहे असे वाटते. पण उन्हाळ्यात सळईभोवतीची माती सुकली की सळईच विजेखाली येते. सळईपासून जमिनीवर जसजसे दूर जावे तसतसा दाब कमी होत जातो. म्हणून पावले फाकवून उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांत फरक पडतो. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर त्याहून जास्त, त्यामुळे त्याला तो धक्का अधिक जोराचा बसतो. अशा जोडणीवर आरसीसीबी लावली तर ती लगेच तुटते, कारण गेलेला प्रवाह न्यूट्रलने परतच येत नाही. मग "ही आरसीसीबी खराब आहे" असे म्हणून ती काढून टाकली जाते. आरसीसीबी खरे तेच सांगत असते. पावसाळ्यात ती वारंवार तुटू लागली तरी तिला वगळून थेट जोडणी कधीही करू नये. ओल कुठे शिरली आहे ते शोधावे.

शक्य असल्यास १२ व्होल्ट

नवीन कारंजे बसविणाऱ्यांना आमचा सल्ला असा, की पंप आणि पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच घ्यावेत. थोडी किंमत जास्त पडते, पण जेथे लहान मुले हौदात हात घालणार हे ठरलेलेच आहे, तेथे दुसरा विचार करू नये. ट्रान्सफॉर्मर मात्र दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, सुरक्षिततेसाठी बनविलेला असावा. २३० व्होल्टची बाजू व १२ व्होल्टची बाजू आत जोडलेली असेल तर व्होल्ट कमी करूनही उपयोग नाही. ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून किमान दोन मीटर दूर, उंचावर आणि पावसाच्या झडीपासून आडोशाला बसवावा.

२३० व्होल्टचाच पंप घ्यायचा झाल्यास तीन तारांचा घ्यावा व त्यावर आयपी ६८ असे लिहिलेले पाहावे. शेवटचा ८ हा आकडा पंप कायम पाण्यात बुडून राहू शकतो हे दर्शवितो, मात्र किती खोलीपर्यंत ते कंपनीच्या पत्रकात पाहावे. तारेचे रंग नीट ओळखावेत. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची. आपल्याकडील जुन्या वायरिंगमध्ये लाल, काळी व हिरवी असते. परदेशी पिन बसत नाही म्हणून ती कापून दोनच तारा जोडल्या जातात आणि तिसरी गुंडाळून ठेवली जाते. जी तार जीव वाचविणार, तीच नेमकी सुटते.

पंपाच्या तारेला पाण्यात जोड देऊ नये. चिकटपट्टी गुंडाळलेला जोड पाण्यात टिकत नाही. तार पुरत नसेल तर लांब तारेचा पंप आणावा. जमिनीखालून न्यायची केबल पाऊण मीटर खोल चरात नळीतून न्यावी आणि चर बुजविताना वर वाळू व विटांचा थर द्यावा, म्हणजे पुढे खणताना कुदळ थेट केबलवर बसणार नाही. सॉकेटमध्ये जाण्यापूर्वी तार थोडी खाली लोंबती ठेवावी. तारेवरून ओघळणारे पाणी तेथेच ठिबकते.

अर्थिंगसाठी भारतीय मानक ३०४३ प्रमाणे ४० मिलिमीटर व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा जस्तविलेपित लोखंडी नळ पुरावा. उन्हाळ्यात त्यात वरचेवर पाणी घालावे. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांची जागा २०१० मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनी घेतली व २०२३ मध्ये ते नव्याने काढण्यात आले. एवढ्याशा कारंज्यासाठी कोण पाहतो, असे न म्हणता काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

हौद साफ करताना

शेवाळ काढणे, जाळी धुणे, कमळाची मुळे छाटणे ही कामे सहसा गडी किंवा घरातली मुले करतात. पाण्यात हात घालण्यापूर्वी पिन सॉकेटमधून काढलीच पाहिजे. भारनियमनात वीज गेली आहे म्हणून हौदात उतरू नये, ती केव्हाही परत येते. कारंजे इन्व्हर्टरवर जोडू नये. पाण्याला हात लावताच मुंग्या आल्या, मासे एकाएकी पाण्यावर तरंगू लागले किंवा पंपाचा आवाज बदलला, तर दुरूनच मेन स्विच बंद करावा. उन्हाळ्यात हौदातील पाणी आटून पंप कोरडा चालला की तो तापतो, आवरणाला तडे जातात आणि पुन्हा पाणी भरल्यावर तेथूनच गळती सुरू होते.

कोणी पाण्यात अडकलेच तर त्याला धरायला धावू नये, आधी मेन स्विच पाडावा. तो दूर असेल तर स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या बांबूने त्याला बाजूला ढकलावे. श्वास चालत नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी सुमारे ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करण्यास सांगावे. माणूस शुद्धीवर येऊन चालू लागला तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन त्याच्या हृदयाची तपासणी करून घ्यावी.