सोळा आण्यांचा हिशेब आणि सात पट्ट्या

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि रुपयाचे सोळा आणे इतिहासजमा झाले. तरी उंद्रीसारख्या गावात वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात 'सोळा आणे खरे' अजून ऐकू येते. आम्ही पडलो इतिहासाचे शिक्षक. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लागलेल्या मुलांनी 'हेक्साडेसिमल म्हणजे काय?' असे विचारले, की आम्ही त्यांना आजोबांच्या या हिशेबाकडेच नेतो. पंधरा आण्यांपर्यंत रुपया होत नाही. सोळावा आणा पडला की एक रुपया, शून्य आणे. षोडशमान पद्धतीत नेमके हेच घडते. दोन रुपये अकरा आणे म्हणजे ४३ आणे. यंत्राच्या लेखी ते 'दोन-बी'. दहा ते पंधरा या सहा संख्यांना एकेरी चिन्ह हवे आणि अंक तर नऊवरच संपतात, म्हणून तेथे इंग्रजी ए ते एफ ही अक्षरे घेतली.

बारावीच्या संगणकशास्त्रात ८०८५ मायक्रोप्रोसेसर शिकलेल्या माजी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतील किटवरचे तांबडे अंक आठवत असतील: बहुधा चार पत्त्यासाठी आणि दोन त्या पत्त्यावरील माहितीसाठी. असा प्रत्येक अंक एलईडीच्या सात पट्ट्यांनी घडतो. प्रत्येक पट्टी पेटलेली किंवा विझलेली. म्हणून एकूण १२८ आकृत्या होतात. त्यांतून सोळा निवडायच्या, आणि एकीला पाहून दुसरीचा भास होता कामा नये.

खरी परीक्षा येथे आहे. मोठ्या लिपीतील बी सात पट्ट्यांवर काढला तर तो हुबेहूब आठ दिसतो आणि डी काढला तर शून्य. पत्ता वाचताना अशी गफलत झाली, तर माहिती भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. म्हणून बी आणि डी लहान लिपीत, तर ए, सी, ई, एफ मोठ्या लिपीत दाखवतात. ही सरमिसळ पाहून पालकांना मुलांचा गबाळेपणा वाटू नये. ती जाणीवपूर्वक आहे. एवढ्यानेही भागत नाही. सहाच्या माथ्यावरची आडवी पट्टी विझवली की उरतो तो लहान बी. तेव्हा सहाला माथा हवाच.

बाजारातील प्रसिद्ध ७४४७ हा आयसी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मागावा. तो शून्य ते नऊसाठी उत्तम. मात्र दहा ते चौदाला तो चमत्कारिक खुणा दाखवतो, पंधराला सारे विझवतो, आणि त्याचा सहा तर बिनमाथ्याचाच असतो. त्यामुळे मायक्रोकंट्रोलरमध्ये स्वतःचे कोष्टक लिहिणे आम्हांला अधिक पसंत आहे. माथ्यावरच्या पट्टीला १ किंमत द्यावी. तेथून घड्याळाच्या दिशेने उजवी वरची २, उजवी खालची ४, तळाची ८, डावी खालची १६, डावी वरची ३२ आणि मधली ६४. ए मध्ये तळाची सोडून सर्व पट्ट्या पेटतात: १२७ वजा ८, म्हणजे ११९. आण्यांच्या भाषेत सात रुपये सात आणे! माथा असलेला सहा १२५ चा आणि लहान बी १२४ चा. दोघांत अंतर केवळ एका पट्टीचे. या किमती कॉमन कॅथोड डिस्प्लेच्या आहेत. कॉमन ॲनोड असेल, तर प्रत्येक किंमत १२७ मधून वजा करावी.

रेझिस्टर प्रत्येक पट्टीला स्वतंत्र लावावा. पाच व्होल्टचा पुरवठा, तांबड्या एलईडीवर सुमारे दोन व्होल्ट आणि दहा मिलिॲम्पिअर प्रवाह धरला, तर ३०० ओहम येतात. बाजारात मिळणारा ३३० ओहमचा चालतो. सामाईक तारेवर एकच लावला, तर दोन पट्ट्यांचा एक झगझगीत आणि सात पट्ट्यांचा आठ मंद दिसतो.

जोडणी झाल्यावर चिन्हे क्रमाने दाखवून तपासू नयेत. क्रम माहीत असला की डोळा आपोआप पुढचे चिन्ह पाहतो. ती उलटसुलट दाखवावीत आणि वाचायला दुसऱ्याच मुलाला चार पावले दूर उभे करावे. सहा आणि बी त्याने न अडखळता ओळखले, तर कोष्टक कायम करावे.