डोळ्यांचा हक्क, काचबिंदू आणि रोजा

हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दररोज रोजा ठेवीत आणि रात्र रात्र नमाजमध्ये घालवीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी त्यांना आवरले आणि माणसावर त्याच्या शरीराचा, तसाच त्याच्या डोळ्यांचाही हक्क असतो, असे समजावून सांगितले. सहीह बुखारीतील ही हदीस आपण बहुधा इबादतीतील समतोलाविषयी ऐकतो, आणि तेथे डोळ्यांचा हक्क म्हणजे झोप. परंतु प्रिय वाचकहो, हा हक्क झोपेपाशीच संपतो काय? रोजा सुटेल या धास्तीने रमजानमध्ये काचबिंदूचे थेंब बंद करणाऱ्या बंधू-भगिनींसाठी हा प्रश्न मांडणे अगत्याचे आहे.

काचबिंदूला आपल्याकडील अनेक घरांत ‘काला मोतिया’ म्हणतात आणि या नावातूनच घोटाळा सुरू होतो. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने कृत्रिम भिंग बसविले की नजर बहुधा परत मिळते. त्यामुळे ‘पिकू द्या, मग पाहू’ ही सवय लोकांच्या अंगवळणी पडली आहे. काचबिंदूत अशी वाट पाहणे घातक ठरते. डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि बारीक जाळीतून वाहून जातो. तो नीट वाहून गेला नाही की दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेचे तंतू हळूहळू मरतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. उरलेली तेवढी राखता येते.

शिवाय या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, डोळा लाल होत नाही, वाचनही बिघडत नाही. प्रथम कडेची नजर जाते. घणसोली गावातील जुन्या गावठाणाच्या अरुंद गल्लीत बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही, जिना उतरताना पायरी चुकते, ठाणे-बेलापूर मार्गावर दुचाकी चालविताना शेजारचे वाहन अचानक पुढे उभे राहिल्यासारखे वाटते. माणूस याचा दोष वयाला देतो. भारतातील पाहण्यांत असे आढळले आहे की, काचबिंदू असलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हते. दुसरा एक प्रकार मात्र गाजावाजा करीत येतो : डोळ्यात व डोक्यात असह्य वेदना, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी. याला पित्त समजून घरी झोपून राहू नये. त्याच दिवशी नेत्ररुग्णालय गाठावे.

चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने तपासणी करावी. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, मधुमेह असेल किंवा चष्म्याचा उणे नंबर मोठा असेल, तर अधिक लवकर. केवळ चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. डोळ्याचा दाब, बाहुली मोठी करून चेतेची पाहणी आणि कडेच्या नजरेची चाचणी, हे सारे व्हावे लागते. कारण दाब नेहमीच्या मर्यादेत असूनही काचबिंदू असू शकतो. आणखी एक गोष्ट जरा कठोरपणे सांगावीशी वाटते. डोळ्यांना खाज आली की औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणे, विशेषतः मुलांच्या डोळ्यांत, हा काचबिंदूला दिलेला दावतनामाच होय. सुरमा, मध किंवा गुलाबजल यांनी तो बरा होत नाही.

आता रोज्याकडे वळू. हनफी आणि शाफिई या दोन्ही मस्लकांनुसार डोळ्यात औषध घातल्याने रोजा तुटत नाही. आपले कोकणी बंधू बहुतांशी शाफिई, तर इतर अनेकजण हनफी. म्हणजे या भागातील बहुतेक घरांचा प्रश्न येथेच सुटतो. सुरमा लावण्याविषयीचाच नियम फकीहांनी येथे लागू केला आहे. मालिकी आणि हंबली मतानुसार औषध घशापर्यंत पोहोचल्यास अडचण येते. 1997 मध्ये जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनातही, घशात उतरलेले गिळले नाही तर डोळ्यातील थेंबांनी रोजा तुटत नाही, असाच निर्णय झाला. यावर वैद्यकशास्त्राचाही एक सोपा उपाय आहे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. अश्रूंची नळी त्यामुळे बंद राहते, औषध घशाकडे फारसे जात नाही आणि डोळ्यातच जास्त टिकते. दोन वेगळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

एवढे करूनही मनात शंका उरत असेल, तर वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. दिवसातून एकदा, रात्री घालावयाचे थेंब इशाच्या नमाजनंतर सहज घालता येतात. दोन वेळचे बहुधा सेहरी आणि इफ्तारला बसविता येतात. दुपारचा डोस मात्र आपल्या मनाने गाळू नये. पोटात घ्यावयाच्या गोळीने रोजा तुटतो, हे खरे. पण आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत सूरह बकरामध्ये स्वतः अल्लाह तआलाने दिली आहे. ती नाकारून नजर गमावणे ही परहेजगारी नव्हे. सेहरीच्या अखेरच्या मिनिटांत एकदम तांब्याभर पाणी पिण्याची पद्धतही काचबिंदूच्या रुग्णाने सोडावी, कारण थोड्या वेळात पुष्कळ पाणी प्यायल्याने डोळ्याचा दाब काही काळ वाढतो. तेच पाणी घोट घोट प्यावे.

शस्त्रक्रियेनंतर काही दिवस वाकू नका, डोळ्याला पाणी लागू देऊ नका, असे डॉक्टर सांगतात. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना आजारपणात उभे राहणे शक्य नसेल तर बसून आणि तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढण्याची मुभा प्रेषितांनी (स.) दिली होती. त्याच आधारावर इशाऱ्याने सजदा करता येतो. वुजूविषयी आपल्या आलिमांना विचारावे, पण टाके ओले करू नयेत.

घणसोलीत महापालिकेचे नागरी आरोग्य केंद्र आहे. चौकशीची सुरुवात तेथून करावी. पुढे वाशीचे महापालिका रुग्णालय किंवा मुंबईचे जे. जे. रुग्णालय आहे, आणि पनवेलच्या लोकलने लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटलाही जाता येते. जाताना जुने कागद, चालू असलेल्या थेंबांच्या बाटल्या आणि दम्याचा त्रास असल्यास त्याची माहिती सोबत न्यावी. काही थेंब दमेकऱ्यांना चालत नाहीत. निदान झालेच तर भावंडांना त्याच आठवड्यात फोन करून तपासणीस पाठवावे.