प्रवेशानंतरची साथ : अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा अनुभव

उच्च शिक्षणाचे दार सर्वांसाठी खुले करणे ही एक गोष्ट. आत आलेल्या विद्यार्थ्यास पदवी हाती पडेपर्यंत टिकवून धरणे ही दुसरी. या दोहोंतील अंतर केवढे मोठे असते आणि ते कसे कमी करता येते, याचा बोध अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांच्या इतिहासातून होतो.

घराजवळचे महाविद्यालय

१९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे अवघ्या सहा विद्यार्थ्यांनिशी अशा प्रकारच्या पहिल्या सार्वजनिक महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. विद्यापीठातील पहिल्या दोन वर्षांचे शिक्षण विद्यार्थ्यास आपल्या गावीच मिळावे, हा त्यामागील हेतू. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर विणावे अशी शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झाले. येथील दोन वर्षांची पदवी घेऊन विद्यार्थी परिचर्येसारख्या व्यवसायात शिरू शकतो, अथवा विद्यापीठात जाऊन पुढील शिक्षण पूर्ण करू शकतो.

शुल्क कमी व प्रवेश खुला असल्याने नोकरी सांभाळून शिकणारे, लहान मुलांच्या माता, नव्याने आलेले स्थलांतरित आणि ज्यांच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते असे तरुण येथे मोठ्या संख्येने आले. परंतु त्यांतील पुष्कळांचे शिक्षण अर्ध्यावरच सुटे. गणित किंवा इंग्रजी कच्चे असणे, पुस्तकांचा व प्रवासाचा खर्च, कामाच्या वेळा, आणि कोणता विषय केव्हा घ्यावा हे सांगणारे कोणी नसणे, अशी त्याची साधीच कारणे होती.

साहाय्याच्या योजना

या अडचणी ओळखून १९६४ साली मध्यवर्ती शासनाने 'वर्क-स्टडी' योजना सुरू केली. ग्रंथालयात, कार्यालयात ठरावीक तास काम करून विद्यार्थी आपला खर्च भागवू लागला. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या 'कमवा आणि शिका' या विचाराशी परिचित असलेल्या महाराष्ट्रास ही कल्पना नवखी वाटणार नाही. १९७२ च्या कायद्याने गरजू विद्यार्थ्यांना परतफेड न करावयाचे अनुदान मिळू लागले. त्याच्या जोडीला महाविद्यालयांत शिकवणी केंद्रे, सल्लागार आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कक्ष निघाले.

आवारातील उपक्रमही याच व्यवस्थेचा भाग होत. वसतिगृह नसलेल्या महाविद्यालयात विद्यार्थी तास संपताच कामावर अथवा घरी जातो. त्याची कोणाशी ओळख होत नाही. म्हणून सत्रारंभी स्वागत-समारंभ भरतात व विद्यार्थी-मंडळांची ओळख करून दिली जाते. विद्यापीठांचे प्रतिनिधी आवारात येऊन पुढील प्रवेशाची माहिती देतात. करमणुकीपेक्षा विद्यार्थ्याला 'हे ठिकाण आपले आहे' असे वाटणे, हे या उपक्रमांचे खरे फळ.

न्यूयॉर्कचा प्रयोग

तरीही सेवा विखुरलेल्या राहिल्या. ज्याला गरज सर्वाधिक, तोच खिडकीपर्यंत पोहोचत नसे. हा दोष ध्यानी घेऊन न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली आपल्या कम्युनिटी कॉलेजांत 'असॅप' नावाची योजना हाती घेतली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकावे, कच्चे विषय आरंभीच पुरे करावेत आणि सल्लागारास नियमित भेटावे, अशा तिच्या अटी होत्या. त्या बदल्यात अनुदानातून न भागलेले शुल्क माफ होई, पुस्तके मिळत आणि शहराच्या वाहतुकीचा मोफत पासही मिळे. हा पास योजनेतील सहभागाशी जोडलेला असल्याने मदत आणि शिस्त एकत्र नांदली. इतरत्र एका सल्लागाराकडे सहाशेहून अधिक विद्यार्थी असत. येथे ती संख्या साठ ते ऐंशी ठेवण्यात आली.

एका स्वतंत्र संशोधन संस्थेने सोडतीने दोन गट पाडून या योजनेची कसोटी घेतली. तीन वर्षांनंतर योजनेतील शंभरांपैकी ४० विद्यार्थी पदवीधर झाले होते. नेहमीच्याच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण २२ होते. दरडोई खर्च अधिक आला खरा, पण पदवीधर वाढल्यामुळे एका पदवीमागील खर्च उलट कमी पडला. पुढे ओहायो राज्यातील तीन महाविद्यालयांतही अशीच योजना राबविली असता असाच लाभ दिसून आला.

घेण्याजोगा बोध

भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये कम्युनिटी कॉलेजांची योजना आखली. अशा संस्थांचे यश केवळ प्रवेशसंख्येवर मोजून चालणार नाही. बसचा पास, वेळेवर मिळालेले पुस्तक, नावाने ओळखणारा सल्लागार या गोष्टी दिसावयास लहान. परंतु त्या एकत्रितपणे आणि सातत्याने मिळाल्या, तर अर्ध्यावर सुटणारे शिक्षण पूर्ण होते. दार उघडणाऱ्या संस्थेने विद्यार्थ्याला शेवटच्या पायरीपर्यंत सोबत करणे, हे तिचे तितकेच महत्त्वाचे कर्तव्य होय.