आपल्या नांवाची राखण

शास्त्रभाग : उत्पत्ति २७:१-४०, १ राजे २१:१-१६, २ थेस्सल. २:२ व ३:१७.

चोर दार फोडूनच येतो असें आतां राहिलें नाहीं. तो आपलें नांव, आधार क्रमांक व अंगठ्याचा ठसा घेऊन आपणच बनतो, आणि बँकेस वाटतें कीं पैसे मागणारा खातेदारच आहे. साधन नवें, पाप मात्र जुनें. याविषयीं शास्त्र आपणांस काय शिकवितें तें पाहूं.

१. इसहाकाचा संशय. याकोब भावाचीं वस्त्रें घालून व हातांस करडांचें कातडें गुंडाळून आंधळ्या पित्यापुढें आला. इसहाकास संशय आला नाहीं असें नव्हे. शिकार इतक्या लौकर कशी मिळाली, हें त्यानें विचारिलें. आवाजहि त्यास दुसऱ्याचा वाटला. तरी हात चांचपून व वस्त्रांचा वास घेऊन त्यानें आशीर्वाद दिला. घटकाभर थांबता तर एसावच दारीं आला असता! मागून तो थरथर कांपला, पण दिलेलें परत घेतां आलें नाहीं.

आजहि कोणी फोनवर म्हणतो, "मी बँकेंतून बोलतों, तुमचें खातें आज बंद होणार, आलेला ओटीपी सांगा." कोणी पोलिसाच्या वेषांत व्हिडिओवर दिसून 'डिजिटल अटक' झाल्याचें भय घालतो; आपल्या कायद्यांत अशी अटकच नाहीं. वेष, भाषा, नांवगांव सारें जुळतें, म्हणून आपण मनांतला संशय दाबतों. तसें न करितां फोन ठेवावा, आणि पासबुकावरील क्रमांकावर किंवा स्वतः शाखेंत जाऊन विचारावें. जो घाई करावयास लावतो त्यास चौकशीचें भय असतें.

२. अहाबाची मोहर. ईजबेलीनें राजाच्या नांवें पत्रें लिहून त्यांवर त्याचीच मोहर केली. नगराच्या वडिलांनीं मोहर पाहून आज्ञा मानली, आणि निर्दोष नाबोथ मारला गेला. ओटीपी, पिन व अंगठा ह्या आपल्या मोहरा होत. यूपीआयवर पैसे घेण्यास पिन कधींच लागत नाहीं. आधारवर पैसे देणाऱ्या यंत्रास तर बँकेचें नांव, आधार क्रमांक व अंगठा एवढें पुरतें. म्हणून अंगठा ठेवण्यापूर्वीं रक्कम पाहावी. "उमटला नाहीं, पुन्हा ठेवा," असें कोणी म्हटल्यास आधीं पावती मागावी. आधारच्या संकेतस्थळावर हे ठसे कुलूपबंद करितां येतात व लागतील तेव्हां उघडतां येतात. आधारची प्रत देणें असल्यास, जेथें चालेल तेथें, शेवटचे चारच आंकडे दाखविणारी 'मास्क्ड' प्रत द्यावी.

मोहर उसनी देणें हाहि दोष आहे. कोणी थोडे रुपये देऊन आपलें खातें, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड मागतो. त्यांतून दुसऱ्या गरिबाचा चोरलेला पैसा फिरतो, आणि पोलिस आपल्याच दारीं येतात.

३. पौलाची खूण. आपल्या नांवानें खोटें पत्र येईल हें जाणून पौल शेवटीं स्वहस्तें सलाम लिहीत असे. आपणहि घरांत एक खूण ठरवावी. परगांवीं असलेल्या मुलाच्या आवाजांत "अपघात झाला, पैसे पाठवा," असा फोन आल्यास घरच्यांसच ठाऊक असलेला शब्द विचारावा; कारण याकोबास न बदलतां आलेला आवाजहि आतां यंत्रानें बदलतां येतो.

उपदेशकांस सूचना. निरक्षर बांधवांचे अर्ज अवश्य भरून द्यावे, पण त्यांचा पिन आपल्या वहींत लिहून ठेवूं नये. लोकांचा आपणांवर विश्वास आहे, म्हणूनच अधिक जपावें. फसलेल्यास हसूं नये. कुलपिता इसहाकहि फसला. लाजेनें गप्प बसल्यास चोराचेंच फावतें. तत्काळ १९३० या क्रमांकावर व बँकेस कळवावें. जितकें लौकर, तितका पैसा वाटेंतच अडविण्याचा संभव अधिक. दुसऱ्याची ओळख कपटानें वापरणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाप्रमाणें गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

विचारासाठीं प्रश्न
१. संशय आल्यावर इसहाकानें काय करावयास पाहिजे होतें?
२. आपल्या मोहरा कोणाकोणाच्या हातीं आहेत?
३. मंडळींतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांस हें कोण व केव्हां समजावून सांगणार?